११ केव्ही पॅनेल पहिल्यांदा चार्ज करायचंय, टेस्टिंगचा क्रम आणि सेफ्टी यावर मदत हवी

पहिलं_चार्जिंग :

नमस्कार मंडळी, मेन्टेनन्समध्ये चार वर्षं काढलीत पण नवीन बोर्ड उभं करून चार्ज करायचं काम पहिल्यांदाच माझ्या गळ्यात आलंय म्हणून विचारतोय. ११ केव्हीचं (११ हजार व्होल्ट) पाच पॅनेलचं व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) बोर्ड आहे, एक इनकमर (सप्लाय आत येते तो), दोन ट्रान्सफॉर्मर फीडर, एक बस पीटी (बसचं व्होल्टेज मोजण्यासाठी कमी करून देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि एक स्पेअर. त्याच्या खाली ४३३ व्होल्टचा एलटी (लो टेन्शन) पॅनेल, दोन एसीबी (एअर ब्रेकर) इनकमर, मध्ये बस कपलर (दोन बाजू जोडणारा ब्रेकर) आणि एका बाजूला जनरेटरची इनकमिंग. पॅनेल लेव्हलला बसलेत, बसबार (सगळ्या पॅनेलमधून जाणाऱ्या मुख्य पट्ट्या, म्हणजेच बस) जोडून झालेत, केबल टर्मिनेशन पण झालंय.

काल ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मारला. आर फेज ते अर्थ ९०० मेगाओहम, वाय ८५०, आणि बी फक्त ४०. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर म्हणतो मिनिममच्या वर आहे ना, मग चार्ज करा, गरम झाला की आपोआप वाढेल. मला ते पटत नाहीये पण पटत नाही याचं कारणही नीट सांगता येत नाहीये.

दुसरं म्हणजे उद्या रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) टेस्टिंगवाले येणार आहेत, त्यांना मी पीटीची ट्रॉली बाहेर काढू का विचारलं तर म्हणाले गरज नाही, आम्ही सेकंडरीला (कमी व्होल्टेजच्या बाजूला) इंजेक्ट करतो. त्याच वेळी मागचे कव्हर उघडून आमची माणसं बस चेंबरची साफसफाई करणार आहेत. हे दोन्ही एकत्र चालतं का?

आणि तिसरं, इथले बरेच जण सप्लाय आहे की नाही ते स्क्रूड्रायव्हर टेस्टरने बघतात. मी बोललो तर म्हणतात वीस वर्षं असंच करतोय. तारीख जवळ आलीये आणि सगळ्यांचं प्रेशर माझ्यावर आहे. कुठून सुरुवात करू, कोणती टेस्ट आधी कोणती नंतर, जरा सविस्तर सांगाल का.

—

रिले_आणि_इंजेक्शन :

मित्रा तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो उद्याचा आहे. दोन्ही कामं एकत्र अजिबात करू नकोस. पीटी ट्रॉली बाहेर काढल्याशिवाय आणि सेकंडरीची एमसीबी किंवा फ्यूज उघडल्याशिवाय कुणालाही व्होल्टेज इंजेक्ट करू देऊ नको, मग तो कितीही अनुभवी असू दे.

कारण साधं आहे. पीटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. ११००० ला ११० म्हणजे शंभराचा रेशो. टेस्ट किटमधून सेकंडरीला फेज ते न्यूट्रल ६३.५ व्होल्ट दिले आणि पीटी सर्किटमध्ये असेल तर वरच्या बसवर फेज ते अर्थ ६३५० व्होल्ट उभे राहतात, म्हणजे पूर्ण ११ केव्ही. इनकमर उघडा, केबल डेड, सगळं लॉक, तरी बस जिवंत. रिकाम्या पीटीला मॅग्नेटायझिंग करंट अगदी थोडा लागतो, तेवढा हातात उचलून नेता येणारा किट पण देतो.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. एका कामावर मी स्वतः रिलेच्या पुढ्यात बसलो होतो, किट माझ्याच हातात. टेस्ट ब्लॉकमधली पीटीकडची लिंक उघडलीये असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. मागे एक हेल्पर बस चेंबरचे इन्सुलेटर पुसत होता. मी व्होल्टेज वाढवलं आणि मागून चर्रर्र असा आवाज आला, तेलात पाणी पडल्यावर येतो तसा, आणि मग त्याची किंकाळी. तो वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आणि तळवा भाजला, पुढे कित्येक महिने त्याला पाना धरता येत नव्हता. लिंक बाजूच्या ब्लॉकची उघडली होती. त्या दिवसापासून लिंक मी स्वतः बघतो, ट्रॉली स्वतः बाहेर ओढतो, आणि मागची बाजू स्वतः चालत जाऊन रिकामी आहे का ते बघून येतो, मगच किट ऑन करतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

म्हणून उद्या सकाळी सफाई उरकून घे, मागचे कव्हर बंद कर, मग रिलेवाल्यांना परमिट (कामाची लेखी परवानगी) दे. एका बोर्डवर एका वेळी एकच परमिट.

आणि अजून एक, त्यांनी रिलेवर करंट इंजेक्ट करून रिलेचा लाल दिवा लावून दाखवला म्हणजे टेस्ट झाली असं समजू नको. रिले ऑपरेट झाला तेव्हा ब्रेकर खरोखर पडला (ट्रिप झाला) का ते बघ. ब्रेकर टेस्ट पोझिशनला ठेवून ऑन करायचा आणि प्रत्येक प्रोटेक्शनने, ओव्हरकरंटने वेगळा, अर्थ फॉल्टने वेगळा, ट्रान्सफॉर्मरच्या बुखोल्झ (तेलातला गॅस पकडणारा रिले) आणि वाइंडिंग टेम्परेचरच्या कॉन्टॅक्टने वेगळा, असा पाडून बघायचा. रिले ओके आणि ट्रिपची वायर टर्मिनलमध्ये नुसती टेकवलेली, असं मी एकदा नाही बऱ्याचदा पाहिलंय. ट्रिप कॉइल डीसी ७० टक्क्यांवर आली तरी ब्रेकर पडला पाहिजे आणि क्लोजिंग कॉइलने ८५ टक्क्यांवर घेतला (ऑन केला) पाहिजे, ते पण करून घे. फॉल्टच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज कुठे असेल सांगता येत नाही.

—

मेगरवाली :

बी फेजच्या ४० वर लिहिते. तुला ते पटलं नाही हे अगदी बरोबर आहे, आणि कारण असं की तिन्ही फेजचं मटेरियल एकच, हवा एकच, बसबारची लांबी जवळपास एकच. मग दोघांचे ८५०-९०० आणि तिसऱ्याचे ४० का? आकडा मिनिममच्या वर आहे की नाही हा नंतरचा मुद्दा, आधी हा वेगळा का ते शोधायचं. तिघांचे सारखे ४० आले असते तर मी आधी दमट हवेला जबाबदार धरलं असतं. एकट्या फेजचं कमी येणं म्हणजे काहीतरी एका जागी आहे.

शोधायचं कसं, तर तोडत जायचं. आत्ता तू बस, केबल, पीटी, लाइटनिंग अरेस्टर सगळं एकत्र मेगर केलं असशील असं वाटतंय. सगळे ब्रेकर बाहेर काढ, पीटी बाहेर, अरेस्टर सोडव, आणि नुसती बस घे. बस चांगली आली तर फीडर एकेक करून बघ. माझा अंदाज बी फेजच्या एखाद्या टर्मिनेशनवर आहे, सेमीकॉन (केबलच्या इन्सुलेशनवरचा अर्धवाहक काळा थर) नीट सोललेला नसतो किंवा बोटांचे तेलकट ठसे असतात, नाहीतर सपोर्ट इन्सुलेटरवर सिमेंटची धूळ आणि त्यावर ओल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन पुसा, कॉटन वेस्ट अजिबात वापरू नका, त्याचे धागे चिकटून राहतात.

स्पेस हीटर चालू केलेत का? बोर्ड किती दिवस बंद खोक्यात होतं? एक दोन दिवस हीटर चालवून मग पुन्हा घे. पण हीटरची सप्लाय दुसऱ्याच डीबीवरून (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) येते हे ध्यानात ठेव, मुख्य सगळं बंद असताना केबल चेंबरमध्ये २३० व्होल्ट त्या हीटरच्या टर्मिनलवर बसलेले असतात. डीसी पण तसंच, कंट्रोल सप्लाय बॅटरीवरून, तिला इनकमरशी काही देणंघेणं नाही. रीडिंगसोबत तापमान आणि ह्युमिडिटी लिहून ठेव, तापमान साधारण दहा डिग्रीने वाढलं की इन्सुलेशनचा आकडा अर्ध्यावर येतो, त्यामुळे तापमान न लिहिलेल्या रीडिंगची पुढच्या वर्षी तुलनाच करता येत नाही. सुपरवायझरचं गरम झालं की वाढेल हे म्हणणं अर्धवट आहे, ओल गेली तर वाढेल, पण ओल घालवायला ११ केव्ही द्यायचे नसतात, त्यासाठी हीटर आहे.

आकडे सारखे आले की मग हाय व्होल्टेज टेस्ट. १२ केव्ही रेटिंगच्या बोर्डची फॅक्टरीतली टेस्ट एक मिनिट २८ केव्हीला होते, साइटवर त्याच्या ८० टक्के म्हणजे २२.४ केव्ही, एक मिनिट. आयईसी ६२२७१-२०० या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये असंच आहे. एका फेजला द्यायचं, बाकीचे दोन अर्थ. पीटी आणि अरेस्टर सोडवलेले, केबल सोडवलेल्या, सगळ्या सीटींच्या (करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी शॉर्ट करून अर्थ केलेल्या. नंतर ब्रेकर उघडा ठेवून व्हॅक्यूम बॉटलच्या दोन टोकांत पण घे, बॉटलमधलं व्हॅक्यूम गेलंय का ते तिथेच कळतं. टेस्टच्या आधी एक मेगर, नंतर एक मेगर. केबलची टेस्ट वेगळी, एक्सएलपीई (पॉलिथिन इन्सुलेशनची) असेल तर व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीच्या) किटने करा, जुना डीसी हायपॉट (हाय व्होल्टेज टेस्ट) नको.

हे सगळं चालू असताना केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? हे मी दरवेळी विचारते. केबल मेगर करताना ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (हाय टेन्शन) बॉक्समध्ये कुणाचा हात असेल तर त्याला इकडचं काही दिसत नाही. तिकडे माणूस उभा कर, फोन चालू ठेव. आणि मेगर काढला म्हणजे केबल रिकामी झाली असं नाही, लांब केबल बराच वेळ चार्ज धरून ठेवते. जेवढा वेळ डीसी दिला त्याच्या निदान चौपट वेळ अर्थ लावून ठेव, काठीने, हाताने नको.

एलटी पॅनेलला मेगर मारायच्या आधी एसीबीचे इलेक्ट्रॉनिक रिलीज, मीटर, सर्ज प्रोटेक्टर, न्यूट्रल लिंक सोडव. नाहीतर १००० व्होल्टमध्ये मीटर जातात आणि रीडिंग शून्य येतं, मग सगळे बसबारवर शंका घेत बसतात.

—

पाना_आणि_टॉर्क :

मी पॅनेल वायरमन, आता साइटवर इरेक्शन बघतो. वरच्या दोघांनी टेस्टिंगचं सांगितलंय पण मला बसबार जोडणीबद्दल बोलायचंय कारण मेगरला ढिला बोल्ट दिसत नाही. हाय व्होल्टेजलाही दिसत नाही. तो दिसतो सहा महिन्यांनी लोड आल्यावर, तेव्हा जॉइंट काळा पडलेला असतो.

तुमच्या लोकांनी टॉर्क रेंच वापरला का नुसता पाना, हे आधी विचारा. टॉर्क किती ते मेकरच्या तक्त्यात असतं, बोल्टच्या साइज आणि ग्रेडप्रमाणे, अंदाजाने नाही. प्रत्येक बोल्टला टॉर्क मारला की तिथल्या तिथे मार्करने रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर आणि वॉशरवरून बसबारवर. ती रेघ पुढे तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय हे लांबून कळतं. मी एकदा रात्री टॉर्च घेऊन सगळ्या रेघा मोजत बसलो होतो, प्रत्येक जॉइंटला चार हव्या होत्या आणि एका टी-ऑफला तीनच निघाल्या. चौथ्या बोल्टला हात लावला तर बोटांनी फिरला. दिवसा कुणीतरी जेवायला उठलं असणार आणि आल्यावर पुढच्या जॉइंटवर गेलं असणार. तेव्हापासून मी अर्धवट जॉइंट सोडून कुणाला उठू देत नाही.

सिल्व्हर प्लेटिंग असलेल्या जागेला सँडपेपर लावू नका, प्लेटिंग निघून जातं. मग मायक्रोओहम मीटरने १०० अँपिअर डीसी सोडून प्रत्येक जॉइंटचा आणि ब्रेकरच्या तिन्ही पोलचा रेझिस्टन्स घ्या, तिन्ही फेज एकमेकांशी आणि फॅक्टरी रिपोर्टशी लावून बघा. एखादा इतरांपेक्षा दीडपट दुप्पट असेल तर तो जॉइंट उघडायचाच.

कव्हर लावायच्या आधी हत्यारं मोजा. आत जाताना किती पाने, किती सॉकेट, किती कापडं गेली ते लिहा, बाहेर येताना मोजा. मेगर करताना मारलेली शॉर्टिंग वायर पण त्या यादीत धरा, ती विसरून चार्ज केलं तर काय होतं ते लिहायला नको. ग्लँड प्लेटची भोकं बुजवा, उंदीर आणि पाल आत शिरतात आणि बसवर जाऊन बसतात.

शेवटचं, कव्हरचे सगळे बोल्ट लावा, सगळे म्हणजे सगळे. आत आर्क झाला तर बाहेरच्या माणसाला वाचवणारी जी टेस्ट पॅनेलने पास केलीये ती दार पूर्ण बंद आणि सगळे बोल्ट लागलेले असताना केलेली असते. बारापैकी आठ बोल्ट लावून दार उभं राहतं पण ते आर्कचं प्रेशर धरत नाही.

—

पहिलं_चार्जिंग :

तिघांचे मनापासून आभार. पीटीचं वाचून अंगावर काटा आला, आमचं उद्याचं प्लॅनिंग अगदी तसंच होतं. आत्ताच फोन करून रिलेवाल्यांची वेळ दुपारची केली आणि सफाई सकाळी.

स्क्रूड्रायव्हर टेस्टरचं कुणी बोललं नाही. आणि ब्रेकरचं मेकॅनिझम उघडून ग्रीस बघायचंय, तिथे काय सांभाळू? सीटीचा एक कोअर वापरात नाहीये, त्याच्या वायरी नुसत्या टर्मिनलपर्यंत आणून सोडल्यात, ते चालेल ना?

—

रिले_आणि_इंजेक्शन :

सीटीचं नाही चालणार, आजच शॉर्ट कर आणि अर्थ कर. प्रायमरीतून लोड वाहत असताना सेकंडरी उघडी राहिली तर तिथे हजारो व्होल्ट तयार होतात, टर्मिनल फुटतं, कोअर जळतो, आणि तिथे कुणाचा हात असेल तर विषय संपला. पीटीचं उलटं, ती कधी शॉर्ट करायची नाही. नवीन पोरांना मी एवढंच पाठ करायला लावतो, सीटी उघडी नको, पीटी शॉर्ट नको. वापरातल्या कोअरची पण लिंक बघ, शॉर्टिंग लिंक टेस्टिंगनंतर काढायची राहिली तर रिलेला करंटच दिसत नाही आणि प्रोटेक्शन आंधळं होतं. म्हणून रिलेवाले गेल्यावर प्रायमरी इंजेक्शन करून घे, २०० ला १ ची सीटी असेल तर बसबारमधून ५० अँपिअर सोडले की रिलेच्या डिस्प्लेवर सेकंडरी ०.२५ दिसले पाहिजेत, तिन्ही फेजला. त्यात रेशो, फेरूल (वायरीच्या टोकावरचे नंबर), लिंक सगळं एकदम तपासून होतं.

—

परमिट_आधी :

बाकीच्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. मेकॅनिझममध्ये हात घालायच्या आधी स्प्रिंग रिकामी करायची. स्प्रिंग चार्जिंग मोटरची एमसीबी बंद कर, नाहीतर तू रिकामी करशील आणि मोटर पुन्हा भरेल. मग हाताने ट्रिप, क्लोज, ट्रिप. पुढे दोन्ही खुणा बघ, ब्रेकर उघडा आणि स्प्रिंग डिस्चार्ज. भरलेल्या स्प्रिंगमध्ये वीज नसते म्हणून लोक तिला मानत नाहीत, पण बोट तोडायला ती पुरेशी आहे.

टेस्टरचं म्हणशील तर तो खिशातून काढून कपाटात ठेवायला सांग. तो दिवा अंगातून जाणाऱ्या करंटवर लागतो, सुकी चप्पल, लाकडी स्टूल, उन्हाचा उजेड, कशानेही दिसत नाही. दिवा लागला नाही म्हणजे सप्लाय नाही असं होत नाही. एलटीला दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा कॅट फोर (मीटरचा सेफ्टी वर्ग) चा मीटर, एचटीला त्या व्होल्टेजची डिटेक्टर काठी. आणि क्रम असा की आधी चालू सप्लायवर लावून तो चालतोय ते बघ, मग तुझ्या सर्किटवर तिन्ही फेज अर्थला आणि फेज फेजमध्ये, आणि मग परत चालू सप्लायवर. तिसरी पायरी लोक गाळतात, आणि मीटर मधल्या पायरीतच मेला असेल तर ते तिथेच कळतं. पॅनेलवरचे तीन कपॅसिटिव्ह दिवे विझलेत एवढ्यावर पण जाऊ नको, दिवा स्वतः गेलेला असू शकतो. डेड कळलं की अर्थ लाव, कुलूप लाव, चावी स्वतःच्या खिशात.

तुझ्या बोर्डला मागून सप्लाय कुठून कुठून येऊ शकते त्याचा कागदावर बाण काढून नकाशा कर. जनरेटर, बस कपलर, ट्रान्सफॉर्मरच्या एलटीकडून उलटी, यूपीएस, छतावर सोलर असेल तर ते. ट्रान्सफॉर्मरला खालून ४३३ दिले की वर ११ केव्ही, पीटीचाच प्रकार, फक्त मागे ताकद जनरेटरची. इंटरलॉक ड्रॉइंगवर आहे म्हणून धरू नको, एलटीचे दोन इनकमर आणि कपलर, तिन्ही एकदम घ्यायचा खरोखर प्रयत्न करून बघ, डेड असताना. तिसरा घेतला गेला तर काम थांबव.

चार्जिंगच्या दिवशी सगळे आउटगोइंग रॅक आऊट (ब्रेकर बाहेर ओढलेले), रूममध्ये फक्त लागतील तेवढी माणसं, आणि इनकमर शक्यतो रिमोटने घे. रिमोट नसेल तर दाराच्या अगदी समोर उभं राहू नको, आणि अंगावर त्या जागेच्या आर्क फ्लॅश आकड्याला पुरेल असा सूट आणि फेस शील्ड. उघड्या कातडीला सेकंड डिग्री भाजायला १.२ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर पुरते, आणि स्विचगिअरमधला आर्क त्याच्या कितीतरी पट देतो. टेरीकॉटचा शर्ट घालून कुणी येऊ नये, तो वितळून चिकटतो. हातमोजे घालायच्या आधी गुंडाळून हवा भरून गळतात का ते बघ.

बस चार्ज झाली की थोडा वेळ तशीच ठेवून कान लाव, व्होल्टमीटरवर तिन्ही फेज बघ, फेज सिक्वेन्स बघ, मग एकेक ट्रान्सफॉर्मर नो लोडवर. एलटीला कपलर घ्यायच्या आधी त्याच्या दोन बाजूंमध्ये आर ते आर जवळपास शून्य आणि आर ते वाय ४३३ येतंय का ते मोज, उलटसुलट असेल तर तिथेच सापडतं.

—

पहिलं_चार्जिंग :

अपडेट देतो. बी फेज सापडला. मेगरवाली ताईंनी सांगितलं तसं तोडत गेलो, नुसती बस तिन्ही फेजला १२०० च्या वर, दुसऱ्या ट्रान्सफॉर्मर फीडरची बी फेज केबल ४२. हीट श्रिंक उघडला तर सेमीकॉनचा एक काळा पट्टा सोलायचा राहिला होता, बोटाएवढा रुंद. टर्मिनेशन नवीन केलं, आता ११५०.

रिलेवाले आले तेव्हा पीटी ट्रॉली मी स्वतः बाहेर ओढून कुलूप लावलं होतं. त्यातला मोठा माणूस काही बोलला नाही, फक्त मागे जाऊन कव्हर बंद आहेत का ते स्वतः बघून आला. अर्थ फॉल्टवर पहिल्या फीडरचा ब्रेकर पडला नाही, ट्रिपची फेरूल शेजारच्या टर्मिनलला होती, दुरुस्त करून तीनदा पाडून बघितला. टॉर्कच्या रेघा आज रात्री मी आणि फोरमन दोघं मोजणार आहोत. चार्जिंगची तारीख दोन दिवस पुढे नेली, वरच्यांना ४२ आणि ११५० चे दोन्ही रिपोर्ट पाठवले, नवीन तारीख मान्य झाली.